पांढऱ्यात पांढरं

रास्ता पेठेत, दारूवाला पुलाच्या अलीकडे,
दुसरा मजला, लिफ्ट बंद.
कुमुदआत्या एकोणसत्तर, मी एक्केचाळीस.
तिचं काही ठरलेलंच नव्हतं.
न्हाताना गाठ लागली होती माझ्या हाताला, डावीकडे.
ती आपली सोबतीला.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, दोघींचं केलंत तर सवलत आहे.
सवलत म्हटल्यावर आत्या कशाला नाही म्हणेल?

आत तांबोळी मॅडम.
"पावडर लावलीय?"
लावली होती आत्याने, गळ्याखाली भरपूर,
चार माणसांत जायचं म्हणून.
ओल्या कापडाने पुसून घेतली.
तिचा कणसुद्धा उमटतो, म्हणाल्या.

मग गार पाटी, वरून दुसरी पाटी,
पुरीयंत्रात गोळा दाबावा तशी.
"श्वास धरा."
धरला.
वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतेय मी,
नजर सगळी काळ्यावर.
कोऱ्या जागेचा संशय घ्यायची वेळ
आजवर आली नव्हती.

पडद्यावर आम्ही दोघी शेजारी-शेजारी.
आत्या म्हणजे काळोख,
त्यात दोन-चार धूसर रेघा, आणि वरच्या कोपऱ्यात
मोहरीएवढा ठिपका,
वीज गेलेल्या गल्लीत एकाच खिडकीत मेणबत्ती असावी
इतका स्पष्ट.
मी म्हणजे नुसतं पांढरं.
चुना फासलेल्या भिंतीसारखं, कडेपासून कडेपर्यंत.

डॉक्टर परचुरे पेनाच्या टोकाने दाखवत होते:
या वयात आतला भाग दाट असतो, तो पांढरा दिसतो.
गाठही पांढरीच.
वय वाढलं की दाटपणा ओसरत जातो, चरबी उरते,
चरबी काळी, म्हणून…

"म्हणजे हिचा तांदूळ आणि माझे तीळ," आत्या म्हणाली.
भवानी पेठेत भुसाराच्या दुकानात
चाळीस वर्षं बसलेली बाई.
"काळ्या तिळातला पांढरा खडा कुणीही काढेल.
आंबेमोहोरातला काढून दाखवा."

डॉक्टर हसले नाहीत. मान हलवली.
तांबोळी मॅडम दारातून म्हणाल्या,
यांच्या वयाला दहातला एखादा हुकतो,
तुमच्या वयाला तीनसुद्धा.

माझ्या कागदावर आलं:
विशेष काही आढळले नाही.
शुद्धलेखन बरोबर. विराम बरोबर.
तरी हात शिवशिवला,
"आढळले"च्या आधी हंसपाद काढून
एक शब्द घालावा: आम्हाला.

रिक्षात आत्या बराच वेळ गप्प.
नाना पेठेच्या सिग्नलला म्हणाली,
"पन्नाशीनंतर मला कोण बघतंय गं?
लग्नात फोटोवाला कॅमेरा खाली करतो,
बँकेतला पोरगा माझ्या खांद्यावरून मागच्याशी बोलतो.
आणि हे यंत्र बघ,
मोहरीएवढंसुद्धा सोडलं नाही."
त्यात थोडा अभिमान होता. शपथ, होता.

मला आठवलं, कॉलेजात असताना
फर्ग्युसन रस्त्यावर ओढणी सारखी करत चालायचे मी,
इतके डोळे.
कुणालाच काही दिसत नव्हतं तर.

तिची सुई सोमवारी.
माझी सोनोग्राफी गुरुवारी, कारण गाठ हाताला लागते
आणि हाताचं ऐकावं, असं परचुरेंचं मत.
"त्यात काय करतात?"
आवाज सोडतात आत. तो कशावर आपटून परत येतो, ते ऐकतात.
"अगं, पाखडतात म्हण की!
पांढरा खडा दिसत नाही, सुपात वाजतो."

रात्री तिने खरंच परात घेतली,
स्वयंपाकघरातला दिवा न लावता.
इंद्रायणी, किलोभर. आजकाल खडे असतात कुठे पाकिटात?
तरी बोटं फिरत राहिली.
मी समोर बसले.
बुधवार उजाडायला अजून दोन रात्री होत्या,
आणि त्यानंतरची एक.